उतरताना गुडघा कुठे जातो

गेल्या पावसाळ्यात खो-खोच्या सरावात आमची नववीतली एक मुलगी पडली. कुणी तिला ढकललं नव्हतं, ती कुणावर आदळलीही नव्हती. खांबाला वळसा घालायला तिनं पाय टेकला, पाय तांबड्या चिखलात रुतला, अंग पुढे फिरलं आणि गुडघा आत वळला. शेजारच्या चौकोनात बसलेली मुलगी नंतर सांगत होती, "मॅडम, कट् करून वाजलं." चंदगडचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. एकदा सुरू झाला की मैदान तीन-चार महिने असंच राहतं, आणि शालेय स्पर्धांची तयारी नेमकी त्याच दिवसांत असते.

मी भाषेची शिक्षिका. खेळाच्या शिक्षकांची जागा रिकामी झाली, भरली गेली नाही, आणि "मुलींचा संघ तुम्ही बघा" म्हणून शिट्टी माझ्या गळ्यात आली. त्यामुळे त्या दिवशी मी जे केलं ते कुठलीही आई करेल तेच केलं. तिला उचलून सावलीत आणलं, बर्फ शोधला, घरी फोन केला. दोन दिवसांनी बेळगावला एमआरआय झाला. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून बांधून ठेवणारी एक दोरी असते, तिला डॉक्टर एसीएल म्हणतात. ती तुटली होती. ऑपरेशन, आणि पुन्हा धावायला-खेळायला निदान नऊ महिने.

त्याच आठवड्यात आणखी तीन मुलींच्या घरून निरोप आले. आमच्या मुलीला खेळात घेऊ नका. एका वडिलांनी तर शाळेत येऊन तोंडावरच सांगितलं, "मॅडम, मुलगा असता तर वेगळं. पोरीचा पाय अधू झाला तर उद्या तिचं लग्न कसं करायचं?" मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. त्यांच्या बोलण्यातली भीती खोटी नव्हती. वयात आल्यानंतर, उड्या आणि झटकन वळणं असलेल्या खेळांत, मुलींमध्ये ही दोरी तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून जास्त आढळतं. हे मी नंतर वाचलं. तेव्हा माहीत असतं तर बहुधा मीच घाबरून संघ बंद केला असता.

बेळगावला ज्या फिजिओथेरपिस्ट बाई आमच्या मुलीचा व्यायाम घेत होत्या, त्यांना मी विचारलं, "हे आधी कळलं नसतं का?" त्या म्हणाल्या, "कळलं असतं की नाही ते सांगता येत नाही. पण तुम्ही मुलींना उडी मारताना बघता का? उडी नका बघू. उतरताना बघा."

मग त्यांनी रीत सांगितली. साधारण फूटभर उंचीच्या ओट्यावर मुलीला उभं करायचं. तिथून दोन्ही पायांनी खाली उतरायचं आणि लगेच जमेल तेवढी उंच उडी मारायची. समोरून मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा आणि तो सावकाश चालवून बघायचा. पाय जमिनीला लागले त्या क्षणी गुडघे पावलांच्या रेषेत आहेत, की एकमेकांकडे आत झुकले? गुडघे वाकले, की काठीसारखे ताठ राहिले? दोन्ही पाय एकदम टेकले, की एक आधी? कमरेतून अंग एका बाजूला कललं का? आणि आवाज किती झाला?

आम्ही ते केलं. पालकांना विचारून, चेहरा न घेता, आणि बघून झालं की मुलींच्या समोरच व्हिडिओ पुसून. सलवारीत गुडघा कळेल का अशी शंका होती. वहीच्या लेबलचा तुकडा दोन्ही गुडघ्यांवर चिकटवला, अडचण संपली. दुसरी चाचणी तर आपल्या घरचीच निघाली, लंगडी. एका पायावर दहा पावलं जा आणि थांबून पाचपर्यंत मोजा. उजव्या पायावर दगडासारख्या उभ्या राहणाऱ्या मुली डाव्या पायावर डुलतात. तिसरी, उकिडवं बसणं. टाचा जमिनीला टेकून, हात वर करून. खो-खोत मुली अर्धा वेळ जवळपास याच बैठकीत असतात, म्हणून मला वाटलं हे तर सगळ्यांना जमेल. चौघींच्या टाचा उचलल्या गेल्या.

आपण शाळांमधून मुलांची शारीरिक चाचणी घेतोच. खेलो इंडियाच्या चाचणीत पन्नास मीटर धावणं, सहाशे मीटर, पुढे वाकून हात किती पोचतो, हे सगळं आहे. मी स्वतः ते आकडे भरले आहेत. पण त्यात मूल किती सेकंदांत धावलं एवढंच लिहायचं असतं. कसं धावलं, याला रकाना नाही. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद मात्र पोराच्या बैठका मोजता मोजता पाय कुठे पडतो तेही बघत असतो, आणि वाकडी बैठक मोजत नाही. ही नजर आपल्याकडे जुनीच आहे, फक्त ती मुलींच्या वाट्याला फारशी आली नाही.

तर व्हिडिओ बघताना आठवीतल्या एका मुलीपाशी मी थांबले. आमच्या संघातली सर्वांत चपळ मुलगी. ती उतरली की तिचे गुडघे जवळजवळ एकमेकांना लागत होते. तीनदा घेतलं, तीनदा तेच. मला त्या रात्री झोप लागली नाही. तिला संघातून काढायचं असं मी ठरवूनही टाकलं होतं, आणि त्याआधी, प्रामाणिकपणानं, तिच्या वडिलांना बोलावून व्हिडिओ दाखवला.

ही माझी चूक झाली. वडील शांतपणे म्हणाले, "तुम्हीच दाखवलंत ना मॅडम, की गुडघा आत जातो. मग आता घरीच राहू दे तिला." मुलगी दाराशी उभी होती. ती काहीच बोलली नाही. आणि ज्या कारणासाठी मी हे सगळं सुरू केलं, मुलींनी न घाबरता खेळावं म्हणून, तीच तपासणी एका मुलीला घरी बसवण्याचा पुरावा झाली.

मी वडिलांकडून पंधरा दिवस मागून घेतले आणि वाचायला बसले. फिजिओ बाईंनी काही लेख पाठवले, इंग्रजी अडलं तिथे पुतण्यानं मदत केली. जे हाती लागलं ते इथे सांगते, कारण हल्ली जिममधून, मोबाइलच्या अ‍ॅपमधून अशा तपासण्या वाढल्या आहेत आणि उद्या तुमच्या मुलाच्या हातातही एक गुणपत्रिका येईल.

शरीराच्या हालचालींना गुण देण्याची एक प्रसिद्ध पद्धत अमेरिकेत ग्रे कुक आणि ली बर्टन यांनी १९९०च्या दशकात तयार केली. तिच्यात सात हालचाली आहेत. खोल उकिडवं बसणं, अडथळा ओलांडणं, एका रेषेत पाय ठेवून गुडघ्यावर वाकणं, खांद्यामागे हात नेणं, निजून पाय सरळ वर उचलणं, जोर काढणं, आणि हातापायांवर टेकून एक हात आणि एक पाय उचलणं. प्रत्येकीला शून्य ते तीन, एकूण २१ गुण. दुखलं तर शून्य. २००७ साली अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १४ किंवा कमी गुण असलेल्यांना गंभीर दुखापतीचा धोका जास्त दिसला. झालं, १४ हा जणू पास-नापासचा आकडा बनला. पुढे इतर खेळांत, इतर लोकांवर तपासून पाहिलं तेव्हा हा आकडा नीट टिकला नाही.

आमच्या मुलीच्या गुडघ्याचीही तीच कहाणी. २००५ साली अमेरिकेत २०५ मुलींच्या उड्या मोजल्या गेल्या. पुढे त्यांतल्या नऊ जणींची ही दोरी तुटली, आणि त्या नऊ जणींचे गुडघे उतरताना इतरांपेक्षा जास्त आत जात होते. सगळ्यांना वाटलं, सापडलं! मग नॉर्वेत हँडबॉल आणि फुटबॉल खेळणाऱ्या सातशेहून अधिक स्त्री खेळाडूंची तशीच उडी तपासून वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा कोणाचा गुडघा जाणार हे त्या उडीवरून ओळखता येईना. आत गुडघा घालणाऱ्या कित्येकींना काहीच झालं नाही, आणि सरळ उतरणाऱ्याही जखमी झाल्या. २०१६ साली नॉर्वेचेच डॉक्टर रोआल बार यांनी सरळ लेखच लिहिला की दुखापत कोणाला होणार हे सांगणाऱ्या चाचण्या चालत नाहीत, आणि बहुधा कधी चालणारही नाहीत.

शिक्षकाला हे समजायला अवघड नाही. पूर्वपरीक्षेत ज्यांना कमी गुण पडतात त्यांतले काही बोर्डात नापास होतात, हे खरं. पण कमी गुण मिळालेली बहुतेक मुलं पासही होतात, आणि पूर्वपरीक्षेत चांगले गुण घेतलेलं एखादं मूल बोर्डात घसरतं. सगळा वर्ग एकत्र पाहिला तर पूर्वपरीक्षा खोटी नसते. पण एका मुलाकडे बोट दाखवून "हा नापास होणार, याला बोर्डाला बसवू नका" असं म्हणणारा मास्तर कसला मास्तर? तो मास्तर मी होणार होते.

मग बघायचंच कशाला? इथे दुसरा अभ्यास कामी आला, आणि गंमत म्हणजे त्याच्या लेखकांतही हेच डॉक्टर बार आहेत. २००७च्या हंगामात नॉर्वेतल्या १२५ क्लबांतल्या १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉल खेळणाऱ्या १८९२ मुलींवर तो झाला. काही क्लबांना वीस मिनिटांचा एक ठरावीक वॉर्मअप दिला, बाकीचे आपापल्या पद्धतीनं खेळले. वॉर्मअप करणाऱ्यांत एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी होत्या, आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्या. तिथे कोणाची निवड नव्हती, गुणपत्रिका नव्हती. कच्च्या-पक्क्या सगळ्याच मुलींनी तो व्यायाम केला. फिफानं तो पुढे जगभर नेला.

फुटबॉलसाठी केलेला हा वॉर्मअप आम्ही खो-खोसाठी वळवून घेतला. थांबणं, वळणं, एका पायावर तोल सावरणं दोन्हीकडे आहेच. आधी आठ मिनिटं हळू धावणं, दिशा बदलत. मग दहा मिनिटं सहा प्रकार. कोपरांवर अंग तोलून फळीसारखं राहणं, तेच कुशीवर, एका पायावर उभं राहणं, बैठका, उड्या, आणि सहावा प्रकार, ज्याला मुली सुरुवातीला सगळ्यात जास्त हसल्या. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं मागून घोटे घट्ट धरायचे, आणि पाठ न वाकवता अख्खं अंग सावकाश पुढे झुकवायचं, पडेपर्यंत. मांडीच्या मागचा स्नायू यानं तयार होतो. दुसऱ्या दिवशी जिना चढताना हसणं बंद झालं. शेवटी दोन मिनिटं जोरात धावणं. आठवड्यातून निदान दोनदा. आम्ही तीनदा केलं. मैदानात पाणी असेल तर व्हरांड्यात.

उतरण्याच्या बाबतीत मी एकच वाक्य वापरलं, "मांजरासारखं उतरा." गुडघ्याचा कोन वगैरे सांगायला गेले की मुली पायांकडे बघत बसायच्या आणि आणखी वाकड्या उतरायच्या. आवाज होऊ द्यायचा नाही म्हटलं की गुडघे आपोआप वाकतात.

व्हिडिओचा उपयोग आता वेगळा झाला. कोणाला काढायचं हे ठरवायला नव्हे, तर आपण शिकवलेलं मुलीच्या अंगात उतरलं का, हे पाहायला. वडिलांना मी पुन्हा बोलावलं. अभ्यासाचे आकडे सांगितले. ते ऐकून घेत होते, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग मी म्हटलं, "ती घरी बसली तरी शेतावर जाते ना? बांधावरून उडी मारते ना? डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरते ना? तिथे तिला कोण शिकवणार?" त्यावर ते थोडं हसले. म्हणाले, "दोन महिने बघू."

आठ आठवड्यांनी तिचा व्हिडिओ घेतला. गुडघे अजून थोडे आत येतात. पण ती आता वाकून उतरते, आणि आवाज खरंच होत नाही. तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. ती शेवटपर्यंत खेळली. तिचा गुडघा शाबूत आहे. तो व्यायामानं वाचला की त्याला काही होणारच नव्हतं, हे मला कधीच कळणार नाही. जिची दोरी तुटली ती मुलगी त्या दिवशी आमच्याबरोबर आली होती, घड्याळ घेऊन वेळ मोजत होती. आता तिला हळू धावायची परवानगी मिळाली आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट लिहिते. हे सगळं न दुखणाऱ्या शरीरासाठी आहे. गुडघा सुजत असेल, मध्येच अडकत असेल, चालताना दगा देत असेल, किंवा एखादी हालचाल करताना दुखत असेल तर व्हिडिओ काढत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

हे सुरू असताना नजर घराकडेही वळली. आमच्या अम्मी नमाजला खाली बसतात. मागच्या रमजानपर्यंत त्या हात न टेकता उठायच्या. यंदा लक्षात आलं की त्या पलंगाच्या कडेशीच जानमाज पसरतात. त्या काही बोलल्या नव्हत्या, पण उठायला आधार हवा होता. आपल्या घरांत जमिनीवर बसणं-उठणं रोजचं आहे, दस्तरख्वानावर, नमाजला, भाजी निवडताना. त्यामुळे कुठलंही यंत्र न लावता वर्षावर्षाचा फरक दिसतो, फक्त बघितलं पाहिजे. मी त्यांना खुर्चीवर बसवलं, तीन मीटरवर खडूनं रेघ मारली, आणि उठून रेघेपर्यंत चालत जाऊन परत बसायला सांगितलं. म्हाताऱ्या माणसांच्या पडण्याचा अंदाज घ्यायला डॉक्टर हीच चाचणी वापरतात. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर सावध व्हायचं. अम्मींना १४ लागले. पहिलं काम मी न्हाणीघरात धरायला दांडा बसवला. मग डॉक्टरांना दाखवलं. आता त्या रोज खुर्चीतून हात न लावता दहा वेळा उठतात-बसतात, आणि प्रत्येक वेळी माझ्या नावानं काहीतरी पुटपुटतात.

आणि काजूच्या फॅक्टरीतली ती आई. आमच्या संघातल्या एका मुलीची आई इथल्याच एका काजू कारखान्यात गर सोलायला जाते. मुलीचा व्हिडिओ बघायला आली होती. बघून झाल्यावर म्हणाली, "मॅडम, माझा बी काढा की. माझं तर मान न् पाठ दोन्ही गेलंय."

मी कारखान्यात जाऊ शकत नव्हते. तिच्याच मुलीला सांगितलं, घरी आई जशी बसते तशी बसव, समोर परात ठेव, आणि पाच मिनिटं घे. पाच मिनिटांचा तो व्हिडिओ मी चार वेळा पाहिला. ती बुटक्या पाटावर बसली होती. परात जमिनीवर, म्हणून मान सतत खाली. आणि सोललेला गर टाकायचा डबा डाव्या हाताला, थोडा मागे. दर वेळी ती कमरेतून वळत होती. दिवसभरात किती वेळा, हे मोजण्याची हिंमत झाली नाही.

कामाच्या जागची बैठक तपासायचीही एक पद्धत आहे. १९९३ साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या दोन संशोधकांनी ती मांडली. हात, मनगट, मान, पाठ, पाय यांच्या स्थितीवरून एक ते सात असा आकडा काढायचा. सात आला तर काम करायची पद्धत ताबडतोब बदलायची. मी नियम वाचून तिचा आकडा काढायचा प्रयत्न केला. सहा की सात यावर अडले. पण खेळाडू मुलीला जे सांगितलं ते हिला सांगून चालणार नाही, एवढं समजलं. मुलीच्या बाबतीत उतरण्याची सवय बदलायची होती. आईच्या सवयीत काहीच वाकडं नव्हतं. डबा मागे होता आणि परात खाली होती, म्हणून ती वाकत होती.

डबा तिनं दुसऱ्याच दिवशी समोर घेतला. त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. शेजारच्या दोघींनीही घेतला म्हणे. परात उंच करायला मात्र टेबल हवं, आणि टेबल मालकानं द्यायला हवं. तिनं मुकादमाला सांगितलं, मुकादम म्हणाला विचारतो. त्याला आता सव्वा महिना झाला. मागच्या आठवड्यात ती बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, परातीखाली सध्या काजूचे दोन रिकामे डबे पालथे घातलेत, तेवढ्यानं मान जरा वर राहते.